“सर, एकीला जाऊ का?” – मुलांच्या आणि घरच्यांच्या लघवीच्या आरोग्याविषयी



गणिताचा तास रंगात आलेला असतो. तेवढ्यात मागच्या बाकावरून करंगळी वर येते. “सर, एकीला जाऊ का?” आपलं उत्तर ठरलेलं: “आत्ताच तर मधली सुट्टी झाली. तेव्हा काय करत होतास? बस खाली.” करंगळी खाली जाते, पोरगं पाय आवळून बसतं आणि आपण फळ्यावर पुढचं उदाहरण लिहितो. मीही हे कित्येक वर्षं केलं आहे. एकाला सोडलं की दहा करंगळ्या वर येतात, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे त्यात काही चुकतंय असं कधी वाटलंच नाही.

मग एका पालकसभेनंतर सहावीतल्या एका मुलीची आई थांबली. म्हणाली, “सर, पोरगी घरी आली की दप्तर फेकून आधी मोरीकडं पळती. पाण्याची बाटली सकाळी भरून देते, ती तशीच माघारी येती. ह्या दोन महिन्यांत तिसऱ्यांदा उन्हाळी लागलीय तिला.” मुलगी माझ्याशी काही बोलली नाही. आमच्या मॅडमनी बाजूला घेऊन विचारलं तेव्हा म्हणाली, “संडासाला आतून कडी नाही. म्हणून मी पाणीच पीत नाही.”

एक कडी! ती दुसऱ्या दिवशी बसली. पण मनात प्रश्न राहिला, की आपल्या वर्गात अशा किती बाटल्या भरलेल्या परत जात असतील? त्यानंतर मी या विषयावर वाचत गेलो, डॉक्टरांना विचारत गेलो. जे समजलं ते सोप्या भाषेत इथे मांडतो. हा लेख उपचारासाठी नाही. उपचार डॉक्टरांनीच करायचे. पण त्रास वेळीच ओळखणं आणि तो होऊ न देणं, हे बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे.

आधी थोडं विज्ञान

बीडची खजाना विहीर आपल्या मुलांनी सहलीत पाहिलेली असते. सोळाव्या शतकात, निजामशाहीच्या काळात बांधलेली ही विहीर जमिनीखालच्या बोगद्यातून पाणी रानापर्यंत पोचवते. वरून पाहणाऱ्याला काही दिसत नाही, पण आतली व्यवस्था चालूच असते. उत्सर्जन संस्था शिकवताना मी हेच उदाहरण देतो.

आपल्या कमरेच्या वर, पाठीच्या बाजूला, मणक्याच्या डाव्या-उजव्या अंगाला दोन मूत्रपिंडं असतात. आपण सगळे त्यांना किडनी म्हणतो. आकार मुठीएवढा, मोठ्या माणसात एकेकीचं वजन साधारण १५० ग्रॅम. प्रत्येक किडनीत सुमारे १० लाख बारीक गाळण्या असतात. त्यांना नेफ्रॉन म्हणतात. दिवसभरात या गाळण्यांतून सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यातलं कामाचं जवळजवळ सगळं पाणी शरीर परत घेतं आणि उरलेलं एक ते दीड लिटर लघवी म्हणून बाहेर टाकतं. शिवाय रक्तदाब सांभाळणं, रक्त तयार व्हायला मदत करणं, हाडांसाठी ‘ड’ जीवनसत्त्व कामाला लावणं हीसुद्धा किडनीचीच कामं.

तयार झालेली लघवी दोन मूत्रवाहिन्यांतून ओटीपोटातल्या मूत्राशयात उतरते. मूत्राशय म्हणजे ताणली जाणारी पिशवी. ती भरत आली की मेंदूला निरोप जातो, आणि आपण गेलो की मूत्रमार्गातून ती रिकामी होते.

मुलांच्या मूत्राशयाचा अंदाज काढायला डॉक्टर एक सोपं सूत्र वापरतात: वयात २ मिळवा आणि ३० ने गुणा. उत्तर मिलिलिटरमध्ये. सहा वर्षांच्या मुलाचं २४० मिली, आठ वर्षांच्या मुलाचं ३०० मिली. मोठ्या माणसाचं मूत्राशय ४०० ते ५०० मिली धरतं. म्हणजे आपल्याला चार तास सहज निघतात म्हणून पहिलीतल्या लेकरालाही निघतील, असं नाही. (हे उदाहरण चौथी-पाचवीच्या वर्गात फळ्यावर जरूर सोडवून घ्या. मोजपात्रात तेवढं पाणी भरून दाखवलं की मुलांना गंमत वाटते आणि गोष्ट कायमची लक्षात राहते.)

धरून ठेवलं तर काय होतं?

एखाद्या वेळी थोडा वेळ धरून ठेवल्यानं काही बिघडत नाही. प्रश्न रोजच्या सवयीचा आहे. लघवी सुटताना मूत्राशयाचा स्नायू आवळला जातो आणि खालची झडप सैल पडते. जे मूल रोज ही झडप आवळून बसतं, त्याला पुढे निवांत असतानाही ती पूर्ण सैल सोडता येत नाही. मग लघवी अर्धवट होते, थोडी आत उरते. उरलेल्या लघवीत जंतू वाढायला वेळ मिळतो. त्यात पाणी कमी प्यालेलं असेल तर जंतू धुऊन नेणारी धारही कमी पडते.

अशी मुलं ओळखायला सोपी असतात. पायावर पाय टाकून डुलतात. उकिडवं बसून टाच खाली दाबून धरतात. खेळता खेळता एकदम थांबतात. कधी चड्डी थोडी ओली होते आणि मुलं चिडवतात. आपल्याला वाटतं, हा नाटकं करतोय. खरं तर तो झुंजत असतो.

आणखी एक गोष्ट पालकांच्या फारशी लक्षात येत नाही, ती म्हणजे बद्धकोष्ठ. मलाशय आणि मूत्राशय अगदी शेजारी-शेजारी असतात. पोट साफ होत नसेल तर साचलेला मळ मूत्राशयावर दाब देतो. मग मूल सारखं एकीला जातं, नाहीतर लघवी अर्धवट राहते. अशा मुलाचं आधी पोट साफ राहील असं बघावं लागतं. त्यासाठी भाकरी, भाजी, फळं, पाणी आणि सकाळी घाई न करता बसायची सवय लावावी.

सर्वसाधारणपणे शाळेतल्या मुलानं दिवसातून पाच ते सात वेळा, म्हणजे दर दोन-तीन तासांनी लघवीला जायला हवं.

‘उन्हाळी लागली’ म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे लघवीला जळजळ झाली की ‘उन्हाळी लागली’ म्हणतात. पण या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी येतात.

पहिली साधी. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. घाम जास्त जातो, पाणी कमी पडतं, लघवी दाट आणि गडद पिवळी होते आणि चुरचुरते. भरपूर पाणी, ताक, लिंबूपाणी घेतलं की ती दिवसभरात फिकी होते आणि त्रास थांबतो.

दुसरी म्हणजे मूत्रमार्गाचा संसर्ग. इथे जंतू मूत्रमार्गातून वर चढलेले असतात. बहुतेक वेळा हा जंतू ‘ई. कोलाय’ असतो. तो आपल्या आतड्यात मुकाट्यानं राहतो, पण लघवीच्या वाटेला गेला की त्रास देतो. यात पाणी पिऊनही जळजळ थांबत नाही. थेंब-थेंब लघवी होते, सारखं जावंसं वाटतं, ओटीपोटात दुखतं, लघवीला घाण वास येतो, कधी ती गढूळ किंवा लालसर होते. संसर्ग किडनीपर्यंत गेला तर थंडी वाजून ताप येतो, कुशीत-पाठीत दुखतं, उलट्या होतात.

मुली आणि बायकांना हा त्रास जास्त का होतो? त्यांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटीमीटर लांब असतो आणि गुदद्वाराच्या जवळ असतो. जंतूंना वर जायला अंतरच नाही. त्यामुळे धुताना किंवा पुसताना हात पुढून मागे न्यायचा, मागून पुढे नाही. ही गोष्ट आयांनी मुलींना अगदी लहानपणीच शिकवावी. ओले, घट्ट कपडे जास्त वेळ अंगावर ठेवू नयेत. पाळीच्या दिवसांत पॅड किंवा कापड वेळेवर बदलावं. यात लाजण्यासारखं काही नाही. दात घासायला शिकवतो तसंच हे.

तान्ह्या आणि दोन-तीन वर्षांच्या मुलांना तर जळजळ सांगताच येत नाही. सर्दी नाही, खोकला नाही आणि तरी ताप येतोय, मूल किरकिरं झालंय, दूध पीत नाही, तर डॉक्टरांना “लघवी तपासायची का?” असं जरूर विचारा. काही मुलांमध्ये जन्मापासून लघवी मूत्राशयातून उलटी किडनीकडे जाते. त्यांना वारंवार संसर्ग झाला तर किडनीवर कायमचे व्रण राहू शकतात. म्हणून लहान मुलातला तापाचा संसर्ग अंगावर काढायचा नाही.

दोन चुका टाळू. एक, मेडिकलवरून परस्पर दोन गोळ्या आणून देणं. लघवीची तपासणी अँटिबायोटिक सुरू करण्याआधी झाली तरच जंतू कोणता आणि कोणतं औषध त्याला लागू पडेल ते नीट कळतं. नमुना देताना सुरुवातीची थोडी लघवी सोडून द्यायची आणि मधल्या धारेतली स्वच्छ डबीत घ्यायची. दोन, बरं वाटलं की गोळ्या बंद करणं. डॉक्टरांनी जितके दिवस सांगितले तितके दिवस औषध पूर्ण घ्यायचं. धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, वाळ्याचं पाणी जरूर प्या, पाणी पोटात जातंच. पण ते संसर्गाचं औषध नव्हे.

अंथरूण ओलं करणारं मूल

हा विषय घरात दबक्या आवाजात बोलला जातो. पाच वर्षांच्या शंभर मुलांपैकी साधारण पंधरा मुलं रात्री अंथरूण ओलं करतात. वय वाढेल तसं बहुतेकांचं आपोआप थांबतं. हा आळस नाही आणि मुद्दाम केलेलं तर मुळीच नाही. गाढ झोप, रात्री जास्त लघवी तयार होणं, आई-वडिलांपैकी कुणाला लहानपणी तसाच त्रास असणं, अशी यामागची कारणं असतात. मारून, लाजवून, ओली चादर अंगणात सगळ्यांसमोर वाळत घालून हे थांबत नाही, उलट लांबतं. दिवसभर पाणी भरपूर द्यावं, झोपण्याआधीच्या दोन तासांत कमी करावं, चहा बंद ठेवावा आणि झोपताना एकीला नेऊन आणावं. सहा-सात वर्षांनंतरही चालू राहिलं तर डॉक्टरांना दाखवावं. त्यावर उपाय आहेत.

पण एक फरक लक्षात ठेवा. जे मूल सहा महिने किंवा जास्त काळ कोरडं होतं आणि आता अचानक पुन्हा ओलं करायला लागलं, त्याच्याकडे थांबून बघायला हवं. त्याला संसर्ग असू शकतो. फार तहान लागते, सारखी लघवी होते आणि वजन उतरतंय अशी लक्षणं सोबत असतील तर त्याच दिवशी रक्तातली साखर तपासायला हवी. मुलांतला मधुमेह बऱ्याचदा असाच पहिल्यांदा दिसतो आणि त्यात उशीर जिवावर बेतू शकतो.

आणि तिसरं कारण आपल्या जिल्ह्याच्या फार ओळखीचं आहे. आई-वडील कारखान्यावर गेले आणि मूल आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहिलं, की दिवाळीनंतर काही मुलांची अंथरुणं ओली होऊ लागतात. मुलाला बोलता येत नाही ते असं बाहेर पडतं. वसतिगृह सांभाळणाऱ्यांना माझी विनंती, की अशा मुलाला सगळ्यांसमोर बोलू नका. रात्री एकदा हळूच उठवा, सकाळी चादर गुपचूप बदला आणि आईशी फोनवर बोलायला द्या.

मुतखडा

उन्हाळा आला की गावोगावी मुतखड्याची नावं ऐकू येतात. लघवी दाट झाली की त्यातले क्षार खाली बसतात, जसे पाण्याच्या भांड्याच्या तळाला बसतात तसे. त्यांचे खडे बनतात. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. खडा वाहिनीत अडकला की कुशीतून जांघेकडे जाणारी भयंकर कळ येते, माणूस गडाबडा लोळतो, उलटी होते, लघवी लाल होते.

आपल्याकडे सगळा दोष बोअरच्या जड पाण्याला दिला जातो. पण पाणी कसं आहे यापेक्षा ते किती प्यालं, हा प्रश्न जास्त मोठा आहे. जड पाणी नको म्हणून कमी पाणी पिणं म्हणजे रोगाला आमंत्रण. ‘खड्यात कॅल्शियम असतं म्हणून दूध बंद’ हाही गैरसमज आहे. जेवणातलं कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच बांधून ठेवतं, त्यामुळे दूध-दही तोडायचं नाही. कमी करायचं ते मीठ. खारे वेफर्स, फरसाण, पापड, लोणचं यांवर हात आवरायचा. लिंबूपाणी चांगलं, फक्त त्यात मीठ-साखर बेताची हवी.

पाच मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुधा पाण्यासोबत आपोआप पडतात. पण खड्याच्या दुखण्यासोबत ताप आला किंवा लघवी बंद झाली, तर काढे-पाले बाजूला ठेवून तातडीनं दवाखाना गाठायचा.

फडावरची आई

आता जे सांगतो, ते आपल्या वर्गातल्या कितीतरी मुलांच्या घरातलं आहे.

दसरा-दिवाळीच्या सुमारास केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, परळी या भागांतून ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटेच्या अंधारात फडात उतरायचं. राहायला कोपी. संडास नाही, मोरी नाही, आडोसा नाही. बाईला एकीला जायचं तर अंधार पडायची वाट बघायची. मग तीही तेच करते जे आमच्या सहावीतल्या मुलीनं केलं. ती पाणी पीत नाही. वर दिवसभर ऊन, डोक्यावर मोळी. आजारी पडून काम बुडालं तर खाडा, म्हणजे मजुरी तर जातेच, वर दंडही बसतो. म्हणून दुखणं अंगावर काढलं जातं.

याचा शेवट कुठे झाला, हे २०१९ साली साऱ्या महाराष्ट्रानं पाहिलं. बीडमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजल्यावर डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. म्हणजे साधारण सहा बायकांमागे एक. त्यांत तिशी-पस्तिशीच्या बायकाही होत्या.

या प्रश्नाला अनेक बाजू आहेत. मला त्यातली एकच इथे सांगायची आहे. ओटीपोटात दुखतंय म्हणजे दोष ‘पिशवी’चाच, असं नसतं. मूत्राशयाच्या संसर्गातही ओटीपोट दुखतं. अंगावर पांढरं जात असेल तर बऱ्याचदा तो साध्या औषधानं बरा होणारा संसर्ग असतो. म्हणून मोठ्या ऑपरेशनला होकार देण्याआधी लघवीची तपासणी, सोनोग्राफी आणि सरकारी दवाखान्यातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांचं दुसरं मत, एवढं तरी व्हायला हवं. शस्त्रक्रियेत अंडाशयंही काढली गेली तर शरीरातलं इस्ट्रोजेन एकदम घटतं. मग हाडं ठिसूळ होतात, लघवीची जळजळ आणि संसर्ग उलट वाढू शकतात. ज्या त्रासासाठी पोट फाडलं, तो त्रास पुन्हा दारात उभा!

उसाच्या फडातलं ऊन आणि किडनी यांचं नातं जगात दुसरीकडेही दिसलं आहे. मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोर आणि निकाराग्वा या देशांत ऊस तोडणाऱ्या तरुण पुरुषांच्या किडन्या मोठ्या संख्येनं निकामी होऊ लागल्या. त्यांना मधुमेह नव्हता, रक्तदाबही नव्हता. २००२ साली एल साल्वादोरच्या डॉक्टरांनी याकडे जगाचं लक्ष वेधलं. रोजरोज तापत्या उन्हात कष्ट आणि पाण्याची तूट हे त्यामागचं एक महत्त्वाचं कारण मानलं जातं. तिथे काही ठिकाणी पाणी, विसावा आणि सावली या तीन गोष्टी कामाच्या वेळेत बांधून दिल्या गेल्या. यात यंत्र नाही, महागडं औषध नाही. आपल्या फडावरही याच तीन गोष्टी हव्यात.

फडावर आणखी एक सवय आहे. अंग ठणकतं म्हणून रोज रात्री एक वेदनाशामक गोळी. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या, त्याही पाण्याची तूट असलेल्या शरीरात, रोज घेतल्या तर किडनीला इजा करतात. हे आपल्या विद्यार्थ्यांमार्फत घरोघरी पोचवता येईल.

घरातली मोठी माणसं

किडनीचा आजार मुका असतो. बरंच काम बंद पडेपर्यंत तो काही सांगत नाही. मधुमेह आणि उच्च रक्तदाब ही त्याची दोन मोठी कारणं. घरात कुणाला यांपैकी काही असेल तर वर्षातून एकदा रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रथिन तपासून घ्या. तपासण्या साध्या आहेत. वेळीच कळलं तर औषधं आणि पथ्यानं बरीच वर्षं किडनी टिकवता येते. नाहीतर मग आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी चार-चार तास डायलिसिस.

आजोबांना रात्री पाच-सहा वेळा उठावं लागतं, धार बारीक झाली, लघवी अडते, तर ते ‘वयानं होतंच’ म्हणून सोडू नका. प्रोस्टेट ग्रंथी वाढलेली असू शकते आणि तिच्यावर औषधं आहेत. बाळंतपणं झालेल्या बायकांना खोकताना, हसताना थेंब-थेंब लघवी होते. त्या कुणाला सांगत नाहीत. तोही बरा होणारा त्रास आहे. लघवी रोखताना जे स्नायू आवळतो, तेच स्नायू दिवसातून तीन वेळा, दहा-दहा वेळा आवळून सोडायचे. (हा व्यायाम लघवी चालू असताना करायचा नाही.) काही आठवडे नेमानं केला तर बऱ्याच जणींना फरक पडतो.

हे दिसलं तर थांबायचं नाही

मुलांमध्ये पुढचं काही दिसलं तर दवाखान्यात नेलंच पाहिजे:

* लघवी चहासारखी किंवा कोल्ड्रिंकसारखी गडद, लाल होणं. घसा दुखून गेल्यावर किंवा अंगावर फोड येऊन गेल्यावर दोन-तीन आठवड्यांत असं झालं तर विशेष लक्ष द्या.
* सकाळी उठल्यावर डोळ्यांभोवती, चेहऱ्यावर सूज आणि लघवीला खूप फेस.
* थंडी-तापासोबत लघवीला जळजळ किंवा कुशीत दुखणं.
* आठ-दहा तासांत लघवीच न होणं, विशेषतः जुलाब-उलट्यांनंतर.
* लघवीची धार पहिल्यापासून बारीक असणं किंवा कुंथून लघवी करावी लागणं.
* वारंवार संसर्ग होणं, वजन-उंची न वाढणं.

जायचं कुठे? आधी जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र. पुढे बीडचं जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. तातडी असेल तर १०८ ला फोन. किडनीच्या मोठ्या आजारांसाठी आणि डायलिसिससाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी जरूर करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं, तेव्हा फक्त वजन-उंचीवर थांबू नका. ज्या मुलाबद्दल शंका आहे, त्याचं नाव आधीच लिहून ठेवा आणि डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगा.

शाळेत आपण काय करू शकतो?

शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार शाळेत पिण्याचं सुरक्षित पाणी आणि मुला-मुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं असायलाच हवीत. पण कागदावरचं स्वच्छतागृह आणि वापरता येणारं स्वच्छतागृह यांत फरक आहे. तो फरक कडी, पाणी, बादली, मग आणि झाडू एवढाच असतो.

* पाण्याची घंटा. २०१९ साली केरळमधल्या शाळांनी दिवसातून ठरावीक वेळी पाणी पिण्यासाठी घंटा द्यायला सुरुवात केली. आमच्या शाळेत आम्ही तीन वेळा देतो. एक मिनिट लागतं. सगळे आपापल्या बाटलीतून पितात, शिक्षकही.
* रंग ओळखा. लघवी फिक्या पिवळ्या रंगाची असेल तर पाणी पुरेसं आहे. गडद पिवळी असेल तर आणखी प्यायचं. मुलांना हा तक्ता स्वतः रंगवू द्या. तो स्वच्छतागृहाच्या दारामागे लावा.
* महिन्यातून एकदा स्वतः जाऊन बघा. मुलींच्या बाजूला मॅडमनी जावं. कडी लागते का? पाणी आहे का? उजेड येतो का? आत पाल-विंचवाची भीती वाटते का? लेकरांना विचारा, ती खरं सांगतात.
* टंचाईत पाण्याचा हिशोब. टँकरच्या दिवसांत पहिली काटछाट स्वच्छतागृहाच्या पाण्यात होते. दोन बादल्या तरी राखून ठेवा. हात धुतलेलं, डबे धुतलेलं पाणी त्यासाठी साठवता येतं.
* परवानगी. करंगळी वर आली की सोडायचं. गैरफायदा घेणारे दोन-चार असतीलच. एका वेळी एक, असा नियम केला की गर्दी होत नाही. जो फारच वेळा जातो, त्याला ओरडण्याआधी घरी विचारा. कदाचित त्याला खरंच त्रास असेल.

पालकांसाठी एकच काम सांगतो. संध्याकाळी दप्तर उघडाल तेव्हा वहीच्या आधी पाण्याची बाटली बघा. ती भरलेली आली असेल तर रागावू नका, “का गं?” एवढंच विचारा. आणि जे उत्तर मिळेल ते शाळेत येऊन आम्हाला सांगा. आम्हाला राग येणार नाही.

ती सहावीतली मुलगी आता आठवीत आहे. पुन्हा उन्हाळी लागली नाही, असं तिची आई सांगते. मागच्या आठवड्यात पाण्याची घंटा द्यायला आम्ही विसरलो, तर तीच ऑफिसच्या दारात आली आणि म्हणाली, “सर, पाण्याची घंटा राहिली.” मी उठलो आणि घंटा दिली.